ओळखीचं नाव आणि डाउनलोडचं बटण: पहिलं ॲप स्टोअरवर टाकताय तर हे आधी वाचा

तुमचं ॲप तयार आहे, चार मित्रांनी वापरून "भारी झालंय" म्हटलंय आणि आता स्टोअरवर टाकलं की लोक येतीलच असं वाटतंय, बरोबर ना? मग जरा थांबा. आपण धरून चालतो की लोक चार-पाच ॲप्स लावून बघतात, तुलना करतात आणि त्यातलं चांगलं ठेवतात. तसं फार कमी जण करतात. बहुतेकांची निवड ॲप उघडायच्या आधीच झालेली असते आणि ती नावावर झालेली असते. ऐकलेलं नाव दिसलं की बोट तिकडेच जातं, मग खाली त्याहून चांगलं काही का असेना.

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, स्वतःची ॲप्स टाकलीत आणि दुसऱ्यांनाही टाकून दिलीत, आणि नवीन माणूस कुठे अडकतो ते आता पाठ झालंय. तो कोडमध्ये अडकत नाही. आपलं नाव कुणालाच माहीत नाही ही गोष्ट तो हिशोबातच धरत नाही आणि मग महिनाभर डाउनलोडचा आकडा बघत बसतो. तुमचा तो महिना वाया जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणाला आपण एक साधं ॲप घेऊ, औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं.

१. आधी एका माणसाला ॲप शोधताना बघा

हे सगळ्यात आधी करा, लोगो-बिगो नंतर. तुमच्या ॲपबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला सांगा, "तुझ्या फोनवर औषधाची आठवण करून देणारं एखादं ॲप घे", आणि शेजारी गप्प बसा. काहीही सुचवू नका.

तो स्टोअर उघडेल, वरच्या खिडकीत तीन-चार अक्षरं टाकेल, तेवढ्यात खाली सुचवण्या येतील आणि त्यातलीच एक तो दाबेल, स्वतःचं वाक्य पूर्ण टाइप करणारच नाही. मग निकालात सगळ्यात वर बहुतेक जाहिरात असते, तिच्यावरून नजर सरकते, अंगठा एकदा खाली, एकदा परत वर. डोळे आयकॉनवर जातात, मग नावावर, मग ताऱ्यांवर. वर्णन वाचायला कुणी थांबत नाही, "अधिक वाचा" हे तर बहुतेकांना दिसतही नाही. आणि झालं डाउनलोड. आता विचारा, "हेच का घेतलंस?" उत्तर बऱ्याचदा हे येतं: "हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं." कुठे ऐकलं ते त्याला सांगता येत नाही, पण तेवढ्यावर निर्णय झालेला असतो. हे दोन-तीन वेगवेगळ्या वयाच्या लोकांबरोबर करून बघा.

यातून एक महत्त्वाचा फरक लक्षात येईल. सर्च दोन प्रकारचा असतो: नावाचा सर्च आणि कामाचा सर्च. नावाचा सर्च करणारा माणूस ठरवूनच आलेला असतो, त्याला फक्त बटण दाबायचंय. कामाचा सर्च करणाऱ्याने अजून काही ठरवलेलं नसतं. ॲपल स्वतः त्यांच्या जाहिरात विभागात सांगतं की ॲप स्टोअरवर येणारे ७० टक्के लोक सर्च वापरतात आणि ६५ टक्के डाउनलोड सर्चनंतर लगेच होतात. हे आकडे वाचून नवीन लोक की-वर्डच्या, म्हणजे ज्या शब्दांवर ॲप सर्चमध्ये दिसावं त्या शब्दांच्या, मागे लागतात, पण त्या सर्चमध्ये नावाचे सर्चही धरलेले आहेत आणि तिथे तुमचा कुठलाच की-वर्ड चालणार नाही. तुमची जागा कामाच्या सर्चमध्ये आहे, पुढचं सगळं त्यासाठीच.

२. नाव का जिंकतं ते समजून घ्या

यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला जास्त आवडायला लागते, तिच्याबद्दल नवीन काही कळलेलं नसलं तरी. नंतर गर्ड गिगेरेन्झर आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००२ च्या लेखात एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना विचारलं, सॅन डिएगो आणि सॅन अँटोनियो यातलं लोकसंख्येने मोठं शहर कुठलं? अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश बरोबर आले, जर्मनीतले मात्र सगळे बरोबर! कारण सॅन डिएगो सगळ्यांनी ऐकलं होतं, पण बऱ्याच जर्मन मुलांनी सॅन अँटोनियो ऐकलेलंच नव्हतं, ऐकलेलं नाव उचललं आणि उत्तर तेव्हा बरोबर निघालं. म्हणजे ओळखीवर निवड करणं हा मूर्खपणा नाहीये, बऱ्याचदा ते कामाला येतं. म्हणून "लोकांना चांगलं काय कळतच नाही" असा राग डोक्यात घेऊ नका, त्याने तुमचंच काम बिघडतं.

ॲपच्या बाबतीत ही सवय जास्तच घट्ट होते, कारण बहुतेक ॲप्स फुकट आहेत. किंमतच नाही म्हटल्यावर किमतीवरून दर्जाचा अंदाज लावायचा मार्ग बंद. आतला कोड दिसत नाही. आणि लावल्या लावल्या ॲप कॅमेरा मागणार, कॉन्टॅक्ट मागणार, नोटिफिकेशन मागणार. अशा वेळी ओळखीचं नाव म्हणजे "काही झालं तर जबाबदार धरायला कुणीतरी आहे" असा दिलासा असतो. म्हणूनच पैसे, तब्येत, लहान मुलांचे फोटो अशा ठिकाणी नावाचं वजन प्रचंड आणि टॉर्च, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर इथे जवळजवळ शून्य.

ओळख किती ताकदीची असते त्याचं उदाहरण थ्रेड्स, ट्विटरसारखं छोट्या पोस्टचं ॲप. जुलै २०२३ मध्ये आलं आणि पाच दिवसांत १० कोटी लोकांनी नोंदणी केली. नाव नवीन होतं, पण ते इन्स्टाग्रामकडून आलं आणि इन्स्टाग्रामच्याच खात्याने आत जाता येत होतं, म्हणजे ओळख आयती. नंतरच्या आठवड्यांत रोज वापरणाऱ्यांची संख्या बरीच उतरली हेही तितकंच खरं. नाव डाउनलोड आणून देतं, टिकवायला आतलं काम लागतं. त्याच महिन्यात ट्विटरचं नाव बदलून एक्स झालं, निळा पक्षी गेला, आणि फोनवर रोजच्या जागी असलेलं ॲप लोक शोधत बसले. ॲप स्टोअरवर नावाला किमान दोन अक्षरं लागतात, त्यांच्यासाठी ॲपलने अपवाद केला. तुमच्यासाठी करणार नाही, तेव्हा एकाक्षरी नावाचा विचार सोडा.

३. तुमच्या प्रकारात नावाचं वजन किती ते मोजा

एक शीट उघडा. तुमच्या ॲपचं काम लोक कुठल्या शब्दांत शोधतील असे दहा-बारा शब्दप्रयोग लिहा, "औषध आठवण", "गोळी अलार्म", "औषधाची वेळ" असे. इंग्रजीतले शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिपीत टाका, लोक दोन्ही टाइप करतात. मग प्रत्येक शब्द दोन्ही स्टोअरवर टाकून पहिली पाच ॲप्स नोंदवा: नाव, बनवणाऱ्याचं नाव, तारे, किती जणांनी रेटिंग दिलं. प्ले स्टोअरवर डाउनलोडचा अंदाजी टप्पाही दिसतो, ॲप स्टोअरवर तो दिसत नाही, तिथे रेटिंगच्या संख्येवरून अंदाज बांधायचा.

आता शीट वाचा. वर सगळीकडे तीच दोन-तीन मोठी नावं असतील तर तो शब्द सोडा. एखाद्या शब्दाला वरच्या पाचांत कुणी न ऐकलेली, कमी रेटिंगवाली ॲप्स बसलेली असतील तर तिथे लोक कामावरूनच निवडतायत, ती तुमची जागा. मेसेजिंग किंवा सोशल प्रकारात पहिलंच ॲप घेऊन जाणार असाल तर मी स्पष्ट सांगतो, जाऊ नका. तिथे नाव तर लागतंच, वर वापरणाऱ्याचे मित्रही आधीपासून तिथे असावे लागतात.

शीटमध्ये न दिसणारा एक स्पर्धक असतो तो म्हणजे फोनमध्ये आधीच असलेलं ॲप. औषधाच्या आठवणीसाठी तुमचा सगळ्यात मोठा स्पर्धक फोनचा अलार्म आहे, तो डाउनलोडच करावा लागत नाही. आधीच बसवलेल्या ॲपचा फायदा किती मोठा असतो ते बघायचं तर युरोपियन कमिशनने जुलै २०१८ मध्ये गुगलला केलेला ४.३४ अब्ज युरोचा दंड बघा (नंतर कोर्टाने तो ४.१२५ अब्जांवर आणला). त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की अँड्रॉइड फोनवर सर्च आणि क्रोम आधीच बसवून यावेत अशी अट होती. तर अलार्म जे करत नाही ते तुमच्या पहिल्याच स्क्रीनशॉटवर दिसलं पाहिजे: गोळी घेतली की नाही त्याची नोंद, पाकीट संपत आल्याची सूचना, असं काहीतरी.

४. नाव ठरवा, आणि कुणाचं उसनं घेऊ नका

दोन्ही स्टोअरवर नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे. ॲप स्टोअरवर त्याखाली उपशीर्षकाला आणखी ३०, प्ले स्टोअरवर छोट्या वर्णनाला ८०. अनोळखी ॲपसाठी मला पटलेली पद्धत अशी की आधी स्वतःचं वेगळं नाव आणि लगेच पुढे काम, मध्ये अपूर्णविराम किंवा रेघ. नुसतं "औषध आठवण" ठेवलं तर सर्चमध्ये दिसाल पण कुणाच्या लक्षात राहणार नाही, उद्या तो माणूस दुसऱ्याला सांगताना "ते औषधाचं काहीतरी होतं" एवढंच सांगेल आणि ती शिफारस कुणा दुसऱ्याच्या खात्यात जाईल. नुसतं वेगळं नाव ठेवलं तर काय करतं तेच कळणार नाही. देवनागरीत लिहिणार असाल तर अक्षरं हाताने मोजू नका, कन्सोलच्या (स्टोअरवर ॲप चढवायच्या डेव्हलपरच्या पानाच्या) खिडकीत टाकूनच बघा.

नावाची परीक्षा फोनवर घ्या. कुणाला तरी फोन करून नाव एकदाच सांगा आणि त्याने ते स्टोअरच्या सर्चमध्ये टाइप करून बघावं. त्याने वेगळंच स्पेलिंग टाकलं तर ते नाव बोलण्यातून पसरणार नाही, आणि बिनखर्चात ओळख पसरते ती बोलण्यातूनच.

मग तपासण्या. ॲप स्टोअरवर दुसऱ्याने घेतलेलं नाव तुम्हाला मिळत नाही. प्ले स्टोअरवर एकाच नावाची अनेक ॲप्स चालतात, म्हणून तिथे नाव "मिळालं" याचा अर्थ ते मोकळं आहे असा नाही. ट्रेडमार्क बघा: ट्रेडमार्कची नोंदणी वर्गांनुसार होते, डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं, ऑनलाइन सॉफ्टवेअर सेवा वर्ग ४२ मध्ये. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, तिथे आणि तुम्ही जिथे ॲप देणार त्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर, दोन्हीकडे शोधा. आणि प्ले स्टोअरवर पॅकेज नेम (ॲपची आतली, तांत्रिक ओळख) एकदा प्रकाशित केलं की बदलता येत नाही, त्यात घाईने "टेस्ट १" वगैरे टाकून बसू नका.

आता या पायरीवरचा सगळ्यात मोठा सापळा. आपलं नाव कुणाला माहीत नाही मग माहीत असलेलं थोडं वापरू, असा विचार येतोच. २०१४ च्या फेब्रुवारीत फ्लॅपी बर्ड हा गाजलेला गेम त्याच्या निर्मात्याने स्वतःहून काढून टाकलं आणि त्याच्यासारख्या नावांचा पूर आला, मग असल्या नावांची ॲप्स नाकारली जायला लागली. चॅटजीपीटीचं अधिकृत आयफोन ॲप १८ मे २०२३ ला आलं, त्याआधी कित्येक महिने मिळत्याजुळत्या नावांची ॲप्स स्टोअरवर वर होती आणि त्यातल्या काहींनी लोकांकडून वर्गणीचे पैसेही उकळले. डाउनलोड मिळतात हे नाकारत नाही. पण तो माणूस दुसऱ्या कुणासाठी आलेला असतो, उघडल्यावर चिडतो, एक तारा देऊन जातो, आणि नंतर ॲपही जातं. ॲपलच्या नियमावलीत ४.१ हा नक्कल करणाऱ्यांबद्दलचाच नियम आहे, गुगलचंही तोतयेगिरीबद्दल वेगळं धोरण आहे. वारंवार केलं तर खातंच बंद होतं, आणि खातं गेलं की बाकीची ॲप्सही गेली.

शिवाय प्ले स्टोअरवर नावात, आयकॉनमध्ये किंवा डेव्हलपर नावात "नंबर १", "बेस्ट", "फ्री" असलं काही चालत नाही, इमोजी चालत नाहीत, आणि ब्रँडच तसा नसेल तर सगळी कॅपिटल अक्षरंही चालत नाहीत.

५. आयकॉन

प्ले स्टोअरला ५१२ बाय ५१२ पिक्सेल, ॲप स्टोअरला १०२४ बाय १०२४. पण डिझाइन करताना मोठ्या स्क्रीनवर बघून खूश होऊ नका. नखाएवढा करा, तिसऱ्या पायरीत नोंदवलेल्या ॲप्सच्या आयकॉनमध्ये मिसळून ठेवा, एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या पार्श्वभूमीवर, आणि हात लांब करून फोन बघा. तुमचा आयकॉन पटकन सापडला पाहिजे. औषधाच्या ॲप्समध्ये सगळीकडे निळ्यावर पांढरी कॅप्सूल दिसेल. तुम्हीही तीच काढली तर तुमच्या जाहिरातीने होणारी ओळख सगळ्यांत वाटली जाईल. आयकॉनमध्ये शब्द लिहू नका, त्या आकारात वाचता येत नाहीत. आणि एकदा ठरला की दर अपडेटला बदलू नका. झायोन्सचा मुद्दा आठवा, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली पाहिजे.

६. कागदपत्रं आणि साधनं जमवा

- डेव्हलपर खातं: गुगलचं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दर वर्षी ९९ डॉलर.
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, खात्यावर जे नाव त्याच नावाचा, एका अक्षराचा फरकही नको.
- संस्थेच्या नावाने खातं हवं असेल तर डन्स (D-U-N-S) नंबर, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक. नऊ आकडी असतो, यायला वेळ लागू शकतो, तेव्हा अर्ज सगळ्यात आधी टाका.
- प्रायव्हसी पॉलिसीची चालू लिंक. प्ले स्टोअरचा डेटा सेफ्टी फॉर्म आणि ॲप स्टोअरची प्रायव्हसी माहिती हे दोन्ही तिच्याशी जुळले पाहिजेत.
- स्वतःच्या डोमेनवरचा सपोर्ट ईमेल.
- स्क्रीनशॉट: प्ले स्टोअरवर फोनसाठी किमान २, जास्तीत जास्त ८, ॲप स्टोअरवर १० पर्यंत. प्ले स्टोअरसाठी १०२४ बाय ५०० चं एक बॅनरचित्रही.
- टेस्टर: गुगलवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत (फक्त निवडलेल्या लोकांपुरत्या चाचणीत) राहावं लागतं, त्याशिवाय सगळ्यांसाठी प्रकाशित करायचा अर्जच करता येत नाही. आधी हा आकडा २० होता, अजून बरेच लोक तोच सांगतात.

यातला खाते कुणाच्या नावाने हा मुद्दा लोक नुसता कागदी समजतात, तसा तो नाहीये. ॲपलवर वैयक्तिक खातं असेल तर ॲपखाली विक्रेता म्हणून तुमचं कायदेशीर वैयक्तिक नाव दिसतं. खेळाच्या ॲपखाली एखाद्या माणसाचं नाव असलं तर कुणाला फरक पडत नाही, पण तब्येतीची माहिती मागणाऱ्या ॲपखाली अनोळखी माणसाचं नाव दिसलं की लोक थबकतात. औषधाच्या ॲपला मी संस्थेच्या खात्याचाच सल्ला देईन, जरा उशीर झाला तरी चालेल.

७. लिस्टिंगमध्ये भरवसा द्या

नाव ओळखीचं नाही, म्हणजे नावाने जे काम आयतं झालं असतं ते लिस्टिंगने, म्हणजे स्टोअरवरच्या तुमच्या ॲपच्या पानाने करायचंय. माणसाच्या मनात तीन शंका असतात: हे माझं काम करेल का, माझी माहिती कुठे जाईल, आणि मागे कोण आहे. ॲप स्टोअरवर सर्चच्या निकालातच पहिले काही स्क्रीनशॉट दिसतात, म्हणून "स्वागत आहे" असली पहिली स्क्रीन वाया घालवू नका. खरी स्क्रीन, खऱ्यासारखा मजकूर आणि वर एक ओळ: "गोळी घ्यायची राहिली तर पुन्हा आठवण". दुसऱ्यावर माहितीबद्दल, माहिती फोनमध्येच राहत असेल तर तसं मोठ्या अक्षरात, पण ते शंभर टक्के खरं असेल तरच. वर्णनात पहिल्या दोन ओळीच लोक बघतात, त्यात "आमची टीम अभिमानाने सादर करत आहे" नको, काम सांगा. मागे कोण आहे ते खाली साध्या शब्दांत लिहा, कोणी बनवलं, का बनवलं, प्रश्न आला तर कुठे लिहायचं.

ॲप स्टोअरवर की-वर्डसाठी १०० अक्षरांची वेगळी जागा असते. स्वल्पविरामानंतर स्पेस देऊ नका, नावात आलेले शब्द परत लिहू नका, आणि मोठ्या ॲप्सची नावं तर अजिबात नकोत, ती नियमाने बंद आहेत आणि नाकारायला तेवढंच कारण पुरतं. प्ले स्टोअरवर अशी वेगळी जागा नाही, तिथे नाव आणि वर्णनच वाचलं जातं.

८. ओळख स्टोअरच्या बाहेर करा, छोट्या घोळक्यात

जगभर ओळख करायची ताकद आपल्याकडे नसते, आणि गरजही नसते. "कुठेतरी ऐकल्यासारखं" हे एका माणसाच्या डोक्यात व्हायला दोन-तीन वेळा, दोन-तीन वेगळ्या ठिकाणी नाव दिसावं लागतं. हजारो लोकांना एकदा दिसण्यापेक्षा शंभर लोकांना चारदा दिसा. औषधाच्या ॲपसाठी एखाद्याच दीर्घ आजाराच्या रुग्णांचे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे गट निवडा, तिथे आधी प्रश्नांची उत्तरं द्या, उपयोगी पडा, मग नाव घ्या. ग्रुपमध्ये आल्या आल्या लिंक टाकून पळणाऱ्यांचं नावही लोकांच्या लक्षात राहतं, पण वाईट कारणाने. सगळीकडे तेच नाव, तोच आयकॉन, तीच एक ओळ ठेवा, शब्दसुद्धा बदलू नका.

इथला सापळा असा: "स्टोअरवर जाऊन आमचं नाव सर्च करा" असं सांगणं. नवीन ॲप स्वतःच्या नावालाही वर येईलच असं नाही, आणि आलं तरी त्याच्या वर दुसऱ्याची जाहिरात बसू शकते. दोन्ही स्टोअरवर सर्चच्या जाहिराती आहेत, ॲप स्टोअरवर तर दुसऱ्याच्या नावावर बोलीही लावता येते. तुम्ही कष्टाने ओळख केलेला माणूस शेवटच्या क्षणी दुसऱ्याकडे वळतो, आणि का ते कळतही नाही. म्हणून थेट लिंक द्या किंवा क्यूआर कोड. जाहिरातीला थोडेच पैसे असतील तर ते आधी ॲप स्टोअरवर स्वतःच्या नावाच्या सर्चवर लावा.

९. रेटिंग मागताना

अनोळखी नावापुढे तारे आणि त्यांची संख्या हीच ओळखपाळख असते. काम फत्ते झाल्यावर मागा, आठवडाभर एकही गोळी चुकली नाही असं ॲपने दाखवलं त्यानंतर, पहिल्यांदा उघडल्या उघडल्या नाही. आयफोनवर सिस्टीमची रेटिंगची खिडकी एका माणसाला ३६५ दिवसांत तीनदाच दिसते, जपून वापरा. बक्षीस देऊन रेटिंग मागणं, विकत घेणं, डाउनलोड विकत घेणं हे दोन्ही स्टोअरवर बंद आहे आणि "आम्ही करून देतो" म्हणणारे मेल तुम्हाला पहिल्या आठवड्यातच येतील, सरळ डिलीट करा. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्या, शांतपणे आणि नेमकं. ते उत्तर पुढचा माणूस वाचतो आणि त्याला मागे कुणीतरी आहे हे कळतं.

१०. आकडे कसे वाचायचे

एकूण डाउनलोडचा आकडा बघून काही कळत नाही. लोक कुठून आले ते बघा: सर्चमधून, स्टोअर चाळताना, की बाहेरच्या लिंकवरून. प्ले कन्सोलमध्ये कुठल्या शब्दांवरून आले तेही दिसतं, ते शब्द नाव आणि काम अशा दोन गटांत टाका. सुरुवातीला जवळजवळ सगळे कामाच्या गटात असतील. नावाचा गट हळूहळू वाढायला लागला तर आठवी पायरी चालतेय. लिस्टिंग बघितली पण डाउनलोड केलं नाही असे खूप असतील तर सातवी पायरी पुन्हा करा. आयकॉन-स्क्रीनशॉटची तुलना करायची सोय दोन्हीकडे फुकट आहे, ॲप स्टोअरवर एका वेळी तीन पर्याय, ९० दिवसांपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते सांगता येणार नाही.

११. नाव चालायला लागलं की नकला येतात

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये प्ले स्टोअरवर व्हॉट्सॲपच्या अपडेटच्या नावाने एक खोटं ॲप आलं होतं. डेव्हलपरचं नाव हुबेहूब दिसावं म्हणून शेवटी न दिसणारं स्पेसचं अक्षर टाकलं होतं, आणि ते दहा लाखांवर वेळा डाउनलोड झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲप स्टोअरवर लास्टपासच्या नावाची "लासपास" अशी नक्कल सापडली, म्हणजे पासवर्ड ठेवायच्या ॲपचीच. इतकं मोठं नाव व्हायची वाट बघू नका, एखाद्या शब्दावर वर आलात तरी कुणीतरी तुमचे स्क्रीनशॉट उचलतं.

आठवड्यातून एकदा दोन्ही स्टोअरवर स्वतःचं नाव टाका, चुकीच्या स्पेलिंगनेही टाका. नक्कल सापडली तर तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, लिंक जपा, आणि मूळ डिझाइन फाइल्स, प्रकाशनाची तारीख, ट्रेडमार्कचा अर्ज असेल तर त्याचा क्रमांक एका फोल्डरमध्ये ठेवा. गुगलकडे कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि तोतयेगिरी यांचे वेगवेगळे फॉर्म आहेत, ॲपलकडे ॲप स्टोअरच्या मजकुरावरच्या वादाचा फॉर्म आहे. एका तक्रारीत एकच मुद्दा आणि त्याचा पुरावा द्या. आणि तक्रार चालू असेपर्यंत तुमच्या लिस्टिंगवर अधिकृत साइटची लिंक वरच ठेवा, म्हणजे नाव ऐकून आलेला माणूस चुकीच्या ॲपवर जाणार नाही.